कोपरा सोडवताना

माझा नवरा रणजीत तुर्भ्याच्या कंपनीतच वारला, चहाचा कप हातात असताना. वय एकोणतीस. "मॅसिव्ह अटॅक," डॉक्टर म्हणाले. कशामुळे, असं मी विचारलं तर त्यांनी तोच शब्द पुन्हा सांगितला. मॅसिव्ह हे माप झालं, कारण नव्हे.

त्या दिवसापासून मी कोपऱ्यात बसले. आमच्या साताऱ्याकडची रीत अशी, की विधवेनं घरातला एक कोपरा धरायचा. माहेरच्यांनी येऊन, साडी नेसवून, देवळात नेऊन आणेपर्यंत उंबरा ओलांडायचा नाही. कोपरखैरण्यातली आमची भाड्याची खोली दहा बाय बारा. माझ्या जागेवरून गॅसचा सिलिंडर, खिडकीचा खालचा अर्धा भाग आणि एकोणचाळीस फरशा दिसायच्या. केमिस्ट्रीची पदवी घेतलेली मी, मोजण्यापलीकडे काही सुचत नव्हतं.

माझ्या माहेरी कुणीच उरलेलं नव्हतं. आणि कंपनीनं रणजीतच्या जागी मला लॅबमध्ये घ्यायचं ठरवलं होतं. सोमवारी हजर झाले नाही तर जागा दुसऱ्याला.

बाविसाव्या दिवशी, शुक्रवारी, मी सासूबाईंना विचारलं, "आत्या, सोमवारी जाऊ ना?"

"सोडवाय कोन आलंय तुला?" भाकरी थापता थापता त्या म्हणाल्या. "आपला कोपरा आपन सोडत न्हाईत."

भिंतीपलीकडे घरमालकीण गोजराबाईंनी हे ऐकलं असावं. शनिवारी सकाळी त्या नवी साडी घेऊनच आल्या.

"ऊठ गो, उज्ज्वला. मी हाय तुजी आई."

"तुमी आगरी, आमी सातारचं," आत्या म्हणाल्या. "माहेर कसं व्हईल?"

"खोली दिली भाड्यानी, आता माहेर पन दिला. डिपॉझिट नको."

आत्यांनी पिठाची परात पुढ्यात ओढली. गोजराबाईंनी मला साडी नेसवली, गावदेवीला नेलं. रस्ताभर मी भिंतीला खेटून चालत होते. "मधी चाल, रस्ता मोकला हाय," त्या म्हणाल्या, तेव्हा ते माझ्या लक्षात आलं.

परत आले तर कोपऱ्यातल्या माझ्या चटईवर आत्या. गुडघे पोटाशी, तोंड भिंतीकडे.

"आत्या, उठा ना."

"तू जा सोमवारी. मी अडवत न्हाई." मग भिंतीलाच सांगितल्यासारखं, "आईला कुनी कोपरा देत न्हाई गं. लेक गेला माजा, आन् तेवीस दिस मी भाकऱ्याच थापतीया."

त्यांच्या माहेरी कुणी आहे का, हे मी सहा वर्षांत कधी विचारलं नव्हतं. आता विचारायची हिंमत झाली नाही. नव्या साडीचा पदर खोचून मी परातीत पीठ काढलं. सोमवारपर्यंत मध्ये एकच दिवस होता.