डावीकडे निळा, उजवीकडे गुलाबी

आमच्या खेळण्यांच्या दुकानात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न येतो, "मुलगा की मुलगी?" पोर केवढं आहे, त्याला काय आवडतं, घरात आधी काय काय पडलंय, हे सगळं नंतर. प्रसूतिगृहातसुद्धा लोक आधी बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत ना, एवढं तरी विचारतात. आमच्या बाबांना तेवढा धीर नाही. 'मुलगा' म्हटलं की त्यांचा हात डावीकडे जातो, 'मुलगी' म्हटलं की उजवीकडे, आणि कुणी 'जुळं आहे, एकेक' म्हटलं की ते दोन्ही हात पसरून वाहतूक पोलिसासारखे उभे राहतात.

डावी भिंत मुलांची, उजवी मुलींची. ठोकळ्यांचा साचा तोच, कारखाना तोच. पण निळ्या खोक्यावर किल्ल्याचं चित्र आणि गुलाबी खोक्यावर राजवाड्याचं. म्हणजे मुलाने बांधायचं आणि मुलीने आत जाऊन राहायचं. डॉक्टरच्या सेटची तीच गत. निळ्यात स्टेथोस्कोप, इंजेक्शन आणि हातोडी. गुलाबीत स्टेथोस्कोप, इंजेक्शन आणि हातोडीच्या जागी आरसा. पेशंट तपासता तपासता मुलीने मधूनच केस नीट करून घ्यावेत, अशी सोय. कापडी प्राण्यांत वाघ, सिंह, मगर डावीकडे. ससा, मांजर, हरीण उजवीकडे. हत्तीवरून आमच्या घरात अबोला झाला होता. शेवटी तो डावीकडे गेला. अस्वलाचं मात्र काही केल्या ठरेना, म्हणून ते काउंटरच्या मधोमध बसवलं, ते तिथेच राहिलं. विकायचं कुणाला तेच ठरलं नाही, तर विकणार काय? त्याचे कान पुसायचं काम माझ्याकडे.

तसं सगळंच माझ्याकडे. माल आणायचा, घाऊक व्यापाऱ्याशी घासाघीस करायची, रडणाऱ्या बाहुलीच्या पोटातला आवाज दुरुस्त करायचा, काचेमागची मांडणी बदलायची. कॉलेज संपल्यापासून मी इथे उभी आहे. लग्न झालं तेव्हा दोन दिवस सुट्टी घेतली आणि तिसऱ्या दिवशी हजर झाले, कारण आगगाड्यांचा माल यायचा होता. या भिंतींवरून मी बाबांशी किती भांडले असेन! पालथ्या घड्यावर पाणी. बाबा म्हणत, गिऱ्हाईक मागतं ते द्यायचं, आपण काही शाळा उघडलेली नाही. एखादी गाडी चुकून उजव्या भिंतीवर गेली तर दूध उतू गेल्यासारखे धावत यायचे आणि ती जागच्या जागी ठेवायचे. मी म्हणायचे, हा हेकटपणा आहे. आई होती तेव्हा ती नुसती हसायची आणि म्हणायची, जाऊ दे गं, त्यांच्या बाजू त्यांना असू देत.

बाबांनी स्वतःकडे एकच काम ठेवलं होतं. शनिवारी दुपारनंतर लोक वाढदिवसाला निघता निघता दुकानात शिरतात. गाडी भलत्याच जागी उभी केलेली असते, वाढदिवस कुणाचा ते नीट ठाऊक नसतं, आणि निवडायला वेळ नसतो. त्यांच्यासाठी बाबा शुक्रवारीच पुडकी बांधून ठेवतात. काउंटरच्या डाव्या आकड्याला निळ्या कागदाचं भेंडोळं, उजव्या आकड्याला गुलाबी. डावीकडच्या टोपलीत मुलांची पुडकी, उजवीकडच्या टोपलीत मुलींची. वर वयाची चिठ्ठी. घडी अशी सुबक की उघडायला जीव होऊ नये. बाबांचे पायातले मोजे आई गेल्यापासून कधी एका जोडीचे नसतात, पण पुडक्याचा कोपरा कधी चुकत नाही. मोज्यांचं मी वयावर ढकललं होतं.

तर अशा या बाबांनी एक दिवस जाहीर केलं, की गुडघे आता उभं राहू देत नाहीत, तेव्हा पुढच्या महिन्यापासून दुकान धाकट्याच्या हाती.

धाकटा म्हणजे माझा भाऊ, आमच्या वंशाचा दिवा. विम्याच्या कचेरीत होता. कचेरीने माणसं कमी केली, त्यांत हा दिवाही मालवला. माणूस वाईट नाही. फक्त खेळण्यांचं आणि त्याचं कधी जमलं नाही. लहानपणीही तो खेळण्यापेक्षा खोक्यात बसायचा. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, पण नागोबाला निदान बीळ हवं असतं. बाबा मला म्हणाले, "तुझं काय, तुझं घर आहे. दुकान मुलाकडे जातं." सिंह डावीकडे जातो, इतक्या सहज म्हणाले.  मी मागच्या खोलीत जाऊन सशांच्या पोत्यावर बसले आणि रडले. मग रडल्याचा राग आला. मला ते दुकान हवं होतं. दुसरं काहीच मला इतकं हवं नव्हतं, आणि ते सांगायचीही मला लाज वाटत होती, जणू मी परक्याच्या वस्तूवर डोळा ठेवला होता.

येत्या शनिवारी धाकट्याने एकट्याने दुकान सांभाळून बघायचं ठरलं. मला 'आराम' फर्मावला. आदल्या दिवशी, मी माल आणायला गेले असताना, चिरंजीव कामाला लागले. कुठंसं ऐकून आले होते, की दुकानात शिरलेलं माणूस आपोआप उजवीकडे वळतं. म्हणजे महागाच्या वस्तू उजवीकडे हव्यात. मुलांची खेळणी महाग, तेव्हा मुलं उजवीकडे, मुली डावीकडे. उंटावरच्या शहाण्याला दोरी धरायला माणसं मिळतातच; दोन हमाल लावून त्याने दुपारभरात भिंती बदलल्या. हेच मी सुचवलं असतं तर बाबांनी दुकानाला टाळं लावलं असतं. पण मुलगा म्हणतोय म्हटल्यावर ते म्हणाले, विचार करूनच म्हणत असेल. आणि भिंती बदलल्या तर कागदही त्या त्या बाजूला हवा, म्हणून धाकट्याने आकड्यांवरची भेंडोळीही बदलून टाकली. हे मात्र बाबांना सांगायचं राहून गेलं. संध्याकाळी बाबांनी नेहमीसारखी पुडकी बांधली. शनिवारी सकाळी धाकट्याने दोन्ही टोपल्या ओतून सगळ्या पुडक्यांचा दारात एक डोंगर रचला, शोभेसाठी. 'मुलगी' म्हटलं की तो डोंगरातून गुलाबी पुडकं उचलायचा, 'मुलगा' म्हटलं की निळं. संध्याकाळपर्यंत डोंगर सपाट झाला आणि बाबांनी मला फोन करून सांगितलं, की बघ, व्यापार रक्तात असावा लागतो.

रविवारी दुकान बंद असतं. सोमवारी मी कुलूप काढायला गेले तर दारात गिऱ्हाइकं ताटकळत उभी.

पुढे होते मोटार चालवायला शिकवणाऱ्या शाळेचे मालक. त्यांच्या नातवाला निळ्या पुडक्यात बाहुली निघाली होती. आमच्याकडे तीन पिढ्या स्टिअरिंग धरतात, आणि नातू बसलाय बाहुलीला न्हाऊ घालत, असं ते रस्त्याला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाले. मी म्हटलं, आणा, बदलून देते. तर वस्तू आणलेलीच नव्हती. पोर सोडत नाही म्हणे, तिला घेऊनच झोपलंय. बराच वेळ ओरडून झाल्यावर त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, त्या बाहुलीचा टब वेगळा मिळतो का. मिळतो, डाव्या भिंतीवर. नेला.

एका बाईंच्या मुलीला गुलाबी कागदात क्रेन आली होती. त्या क्रेन परत करायला आल्या होत्या, कारण मुलीकडे तशीच आधीपासून होती. तिला आता माती उचलायचं यंत्र हवं होतं. एका मुलाने मात्र भातुकली बघून भोकाड पसरलं होतं. त्याला विमान दिलं. त्याचं काही चुकलं नव्हतं, त्याला विमानच हवं होतं. बाकीच्यांनी पोटभर तक्रार केली आणि वस्तू काही परत आणल्या नाहीत. समाज बुडाला म्हणणाऱ्या लोकांनी त्या दिवशी आमच्याकडून एक चूल, एक रणगाडा आणि बाहुलीचं अंथरूण विकत नेलं.

हे सगळं बाबा आणि धाकटा मागे उभे राहून ऐकत होते. गर्दी ओसरल्यावर बाबांनी दार लोटलं आणि माझ्याकडे वळले.

"हे तू केलंस," ते म्हणाले. "दुकान मिळत नाही म्हणून."

चोर सोडून संन्याशाला फाशी कशी देतात ते मी तोवर फक्त ऐकून होते.  इतकी वर्षं ज्या माणसाच्या शेजारी उभी राहिले, त्याला मी एवढीच कळले होते. मी सांगितलं, की शुक्रवारी मी इथे नव्हते आणि शनिवारी मला येऊ दिलं नव्हतं. धाकटा म्हणाला, मी पुडकी बांधलीच नाहीत, मी फक्त विकली. मग बांधली कुणी? बाबा चिडले. त्यांनी डावीकडच्या आकड्यावरचं भेंडोळं ओढून काढलं आणि आमच्यापुढे धरलं. म्हणाले, मुलांचं एकूण एक पुडकं मी माझ्या हाताने या निळ्या कागदात बांधलंय.

त्यांच्या हातातला कागद गुलाबी होता.

धाकट्याने माझ्याकडे पाहिलं. मी कागदाकडे. बाबा आमच्या तोंडांकडे पाहत होते, आणि हळूहळू त्यांचा हात खाली आला. ते अस्वलाशेजारच्या स्टुलावर बसले. मला एकदम मोजे आठवले. बाजारातून हौसेने आणलेले कच्चे टोमॅटो आठवले. रोज सकाळी पलंगावर सदरा काढून ठेवणारी आई आठवली.

"दोन्ही सारखेच दिसतात मला," बाबा म्हणाले. "मळकट. पहिल्यापासून. तुझ्या आईला ठाऊक होतं. दुकान काढलं तेव्हा मी तिला म्हटलं, मला रंग जमायचे नाहीत. ती म्हणाली, बाजू जमतील ना?"

म्हणजे ज्याला मी त्यांचं तत्त्व समजून डोकं आपटत होते, ती आंधळ्याची काठी होती. अवघ्या गावाच्या पोरांना निळी-गुलाबी वाटून देणाऱ्या माणसाला निळा कोणता आणि गुलाबी कोणता ते कधी दिसलंच नव्हतं. एरवी मी यावर महिनाभर हसले असते. तेव्हा मला हसू आलं नाही. हा माणूस किती वर्षं भीत भीत काउंटरवर उभा राहिला असेल, एवढंच मनात आलं. आणि त्याच वेळी रागही आला, कारण इतकं कळूनही त्याला दुकान डावीकडेच, म्हणजे मुलाकडेच, ठेवायचं होतं.

धाकटा म्हणाला, "ताई, खरं सांगू? मला कुणी विचारलंच नाही. इथे काउंटरवर उभं राहिलं की मला झोप येते." गेल्या आठवड्यात दुसऱ्या एका कचेरीतून बोलावणं आलं होतं, पण बाबांना वाईट वाटेल म्हणून त्याने तोंडात मूग धरले होते.

मी भेंडोळं बाबांच्या मांडीवरून उचललं आणि आकड्याला अडकवलं. मग विचारलं.

"दुकान कुठल्या भिंतीवरचं, बाबा? डाव्या की उजव्या?"

 त्यांनी दोन्ही भिंतींकडे पाहिलं, सिंहांकडे, सशांकडे, जणू तिथे कुठे चिठ्ठी लावलेली असेल. मग खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. डाव्या बाजूला धाकटा उभा होता, उजव्या बाजूला मी. बाबांनी किल्ल्या कुणाच्याच हातात दिल्या नाहीत. काउंटरच्या मधोमध, अस्वलाच्या पायाशी ठेवल्या. धाकटा पटकन दोन्ही हात खिशात घालून मोकळा झाला. मी किल्ल्या उचलल्या.

तेवढ्यात दार ढकलून एक बाई घाईघाईने आत आल्या. बाहेर त्यांची गाडी भलत्याच जागी उभी होती. बाबांचं तोंड सवयीने उघडलं आणि मिटलं. मग मीच विचारलं, पोराला काय काय आवडतं? एवढ्या वर्षांनी मला तो प्रश्न विचारायला मिळत होता, मी अगदी मन लावून विचारला.

"ते मला काय माहीत?" बाई वैतागल्या. "मुलगा आहे एवढं माहीत आहे. अजून काय हवं?"

 मी अस्वल उचललं, त्याचे कान झटकले आणि त्यांच्यापुढे ठेवलं. बाईंनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाल्या, चालेल, बांधा लवकर. मी बाबांना विचारलं, कागद कुठला घालू?

"मला काय विचारतेस?" बाबा म्हणाले. "दुकान तुझं आहे."