चिखलाची चाळण आणि एक नंबरची बरणी

मित्रांनो, मी एक जुनी चाळण आहे. पण तुमच्या स्वयंपाकघरातली नव्हे हं! पीठ, रवा, मैदा यांच्याशी माझा काडीचाही संबंध आला नाही. मी चिखल चाळायची. खाडीचा, काळा, वास येणारा चिखल. नाक मुरडू नका, आधी ऐकून घ्या.

माझा जन्म हाटकेशच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात झाला. गाळ्यात जन्मले आणि गाळातच आयुष्य गेलं, असं मी स्वतःच गमतीने म्हणते. विठू नावाच्या कारागिराने पितळेचं कडं वळवलं, त्यात पोलादाची बारीक जाळी ताणून बसवली आणि मला उजेडासमोर धरून एकेक भोक तपासलं. "एक जरी भोक मोठं राहिलं ना, तर सगळं काम फुकट," तो शेजारच्याला म्हणाला. त्याचं ते बोलणं मी मनाशी धरून ठेवलं.

तिथून मी भाईंदरच्या एका कॉलेजात आले. प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत नीलिमा मॅडमचं संशोधन चालू होतं. खाडीकाठच्या नऊ जागांवरून चिखल आणायचा, माझ्यावर ओतून पाणी सोडायचं. गाळ वाहून जायचा आणि बारीक गोगलगाई, शिंपल्या, किडे माझ्या जाळीवर उरायचे. ते जीव टिकवायच्या औषधासह बरणीत भरायचे, बटर पेपरच्या तुकड्यावर पेन्सिलीने जागेचा नंबर लिहून तो आत टाकायचा. शाई औषधात विरघळते, पेन्सिल टिकते. मग कोणीतरी सूक्ष्मदर्शकाखाली ते जीव मोजायचं. एक नंबरची जागा राई गावाजवळ, खाडीच्या मोकळ्या पाण्यापाशी. नऊ नंबरची मोठ्या नाल्याच्या तोंडाशी. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. पाहुणे आले की मॅडम मला हातात घेऊन दाखवायच्या. पुढे कौतुक सरलं आणि मी बेसिनखाली गेले. तिथेच माझी क्षितिजाशी ओळख झाली.

ही गोष्ट २००३-०४ या वर्षातली. क्षितिजा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली, भाईंदर पूर्वेला राहणारी. तिला समुद्रातल्या जीवांचा अभ्यास करायचा होता. मॅडम म्हणाल्या होत्या, "पगार वगैरे काही नाही बेटा, पण शिकायला मिळेल. तू ये." ती जूनमध्ये आली. पहिल्या दिवशी तिला झाडू कुठे असतो ते दाखवण्यात आलं.

आठ महिने! बरण्या धुणं, चिखलाच्या बादल्या तिसऱ्या मजल्यावर चढवणं, झेरॉक्स काढून आणणं, मॅडमच्या बाटलीत पाणी भरणं, अभिनवसाठी कँटीनमधून वडापाव आणणं. अभिनव म्हणजे मॅडमचा पगारी संशोधक. वाईट नव्हता तो, पण इंग्रजी शाळेतून आलेला आणि सतत घाईत. सूक्ष्मदर्शकाला तोच बसायचा. "पावसाळा संपला की तुला बसवते," मॅडम म्हणाल्या. मग दिवाळी झाली की. मग नाताळ झाला की. क्षितिजा मान डोलवायची आणि पुन्हा माझ्याकडे वळायची. तिची बोटं फुटली होती. औषधाच्या वासाने जेवण जात नव्हतं. पाणी सोडून ती रडायची, म्हणजे नळाच्या आवाजात कुणाला ऐकू येऊ नये. मला ऐकू यायचं. मला फार वाईट वाटायचं आणि माझा काही इलाज नव्हता.

ती टिकून होती ती एका पत्रासाठी. गोव्याच्या एका संस्थेत उन्हाळी प्रशिक्षणासाठी अर्ज करायचा होता, आणि ज्यांच्या हाताखाली काम केलं त्यांचं शिफारसपत्र जोडल्याशिवाय अर्ज घेत नव्हते. "खाडीचा रिपोर्ट गेला की लगेच लिहून देते, बेटा," असा शब्द मॅडमनी दिला होता. घरी तिचे बाबा, शशिकांतराव, रोज विचारायचे, "मिळालं का गं पत्र?" हे ती प्रयोगशाळेचे शिपाई महिपतमामा यांना सांगायची. मामा राईचे. तिच्याशी माणसासारखं बोलणारे तेवढेच.

जानेवारीतला तो दिवस उजाडला. रिपोर्ट छापून तयार होता, संध्याकाळी रवाना व्हायचा होता. तिचा अर्जही त्याच दिवशी कुरिअरने गेला तरच वेळेत पोहोचणार होता, आणि कुरिअरवाला सहाला शटर ओढायचा. मॅडमनी तिला पानं लावून पिना मारायला बसवलं. पिना मारता मारता तिची नजर तक्त्यावर गेली आणि हात थांबला.

तक्त्यात लिहिलं होतं, एक नंबर: जीव जवळजवळ नाहीत. नऊ नंबर: भरपूर.

ती उठून बेसिनपाशी आली. मामा तिथेच फरशी पुसत होते.

"मामा, काहीतरी गडबड झालीय. नऊ नंबरचा चिखल मीच चाळलाय. चाळणीवर नुसत्या प्लॅस्टिकच्या चिंध्या उरलेल्या. आणि एक नंबरला इतक्या गोगलगाई होत्या, इतक्या, की मला चाळण हलवायला भीती वाटत होती."

खरं होतं ते! माझ्या जाळीवरच तर घडलं होतं सगळं. मी ओरडून सांगितलं असतं, पण पितळेला तोंड कुठलं?

मामांनी फळीवरच्या दोन बरण्या काढल्या आणि त्यातली एक उजेडाकडे धरली.

"ही तर भरलेली हाय. आन् आत चिठ्ठी बघ, एक लिवलंय."

"पण झाकणावर नाइन लिहिलंय, मामा. अभिनवदादाने स्केचपेनने."

"झाकनावर काय बी असंल. आत एक हाय. मी चौथी शिकलोय, मला एक न्हाय कलनार?"

क्षितिजाने चिठ्ठीकडे पाहिलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. अक्षर तिचंच होतं. बाकीच्या सात बरण्यांतल्या चिठ्ठ्या अभिनवच्या, पण एके दिवशी ओहोटीला या दोनच जागांचा चिखल आला होता, आणि तो तिने एकटीने चाळला होता. दमून गेली होती बिचारी. हाताला लहानपणापासून जे वळण होतं तसं तिने लिहून टाकलं: १ आणि ९. अभिनवने मराठी एक पाहिला आणि इंग्रजी नऊ वाचला. मग उरलेली बरणी आपोआप एक नंबरची झाली.

मामा दाराकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "पोरी, आत्ता बोलू नको. पयले पत्र घे, कुरिअरला टाक. उद्या मी सांगन मॅडमला."

"उद्या रिपोर्ट गेलेला असेल, मामा. नाल्यापाशी सगळं छान आहे असं लिहिलंय त्यात."

"आन् तुजं पत्र?"

हात कोरडेच होते, तरी तिने ते ओढणीला पुसले, पुन्हा पुसले. तिला किती हवं होतं ते पत्र, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं? मलासुद्धा क्षणभर वाटलं, गप्प बस गं बाई. मग तिने दोन्ही बरण्या उचलल्या आणि मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवल्या.

"मॅडम, एक आणि नऊ उलटे झालेत."

"बेटा, मोजायचं काम अभिनवचं आहे. तुझं काम धुण्याचं."

"म्हणूनच सांगतेय, मॅडम. धुताना मीच बघितलंय. चिठ्ठ्या पण मीच लिहिलेल्या, मराठीत. चूक माझी आहे."

अभिनव धावत आला, चिठ्ठी वाचली आणि डोक्याला हात लावला. "अरे यार! मी तर नाइनच समजलो."

मॅडम लालबुंद झाल्या. "आकडे इंग्लिशमध्येच लिहायचे, एवढं साधं कळत नाही?" मित्रांनो, हे तिला कोणीही कधी सांगितलं नव्हतं. तरी ती मान खाली घालून उभी राहिली. मग तक्ता बदलला, निष्कर्ष बदलला, पानं पुन्हा छापली, आणि पुन्हा पिना मारल्या त्याही तिनेच. साडेपाच वाजून गेले.

"मॅडम, ते पत्र..."

"कसलं पत्र?" मॅडमनी वर पाहिलं. मग त्यांना आठवलं. त्यांचा राग उतरला होता, थोड्या ओशाळल्याही होत्या. त्यांनी कॉलेजचं लेटरहेड ओढलं, पेन उघडलं, आणि पेन कागदावर तसंच थांबलं.

"बेटा, तुझं पूर्ण नाव काय गं?"

आठ महिने! आम्हाला वाटायचं, 'बेटा' म्हणतात म्हणजे जीव लावतात. त्यांना तिचं नाव नीट माहीतच नव्हतं.

तिने नाव सांगितलं. इंग्रजी स्पेलिंग एकेक अक्षर करून सांगितलं. मॅडमनी ते लिहिलं आणि पुन्हा थांबल्या, कारण नावापुढे काय लिहायचं हेही त्यांना माहीत नव्हतं. शेवटी त्यांनी दोन ओळी लिहिल्या: कामात स्वच्छ आहे. स्वतःची चूक स्वतः सांगते. क्षितिजा पाकीट घेऊन पळत सुटली.

सव्वासहाला ती परत आली. पाकीट हातातच होतं. "शटर पडलं, मामा," एवढंच म्हणाली. मी तशी स्वच्छच होते, तरी तिने मला नळाखाली धरलं, उलट्या बाजूने पाणी सोडलं, कड्याच्या खाचा ब्रशने घासल्या, आणि पुसून पालथी ठेवली. त्या वेळी मात्र नळ बंद केल्यावरही ती रडत होती. ती गेली. परीक्षा जवळ आली होती, ती पुन्हा प्रयोगशाळेत आली नाही.

आता माझी जाळी एका बाजूने फाटली आहे. नंतरच्या मुलांनी मला खारट चिखलासकट तसंच टाकलं, गंज चढला. मोडक्या तराजूबरोबर मी कपाटात पडून आहे. मॅडम मात्र बदलल्या. नवं कोणी काम शिकायला आलं की पहिल्याच दिवशी पूर्ण नाव विचारतात, पेन्सिलीने बटर पेपरवर लिहून घेतात आणि कपाटाच्या दारावर चिकटवतात. कशामुळे, ते मुलांना माहीत नाही.

मित्रांनो, काम झालं की चाळण धुऊन ठेवा, एवढी माझी विनंती आहेच. पण तुमच्यासाठी जो कोणी धुतो, पुसतो, ओझी वाहतो, त्याचं नाव पहिल्या दिवशी विचारा. शेवटच्या दिवशी विचारलंत, तर तोवर शटर पडलेलं असतं.

त्या दारावर सतरा नावं आहेत. तिचं नाही. ती क्षितिजा शशिकांत मोहिते. माझ्या फाटक्या जाळीतून आता काय काय निसटून जातं, पण हे नाव मी निसटू दिलेलं नाही.