मधलं नाव

स्क्रीनवर 'पौर्णिमा' आणि 'इंगळे' या दोन शब्दांमधली जागा नेहमीपेक्षा जरा रुंद दिसत होती. पौर्णिमा तिकडे बराच वेळ पाहत राहिली.

अकोल्यातल्या या कंपनीतून शेतकऱ्यांना रोज सल्ल्याचे संदेश जात. प्रोग्राम आधी नाव जोडायचा: स्वतःचं, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव. चाचणीसाठी पौर्णिमा स्वतःचंच नाव वापरी. आज तिने 'रिप्लेस' ही आज्ञा देऊन त्यातलं 'ललित' काढून पाहिलं होतं, आणि स्क्रीनवर तरी ते गेलेलं दिसत होतं.

तिचा नवरा ललित सेमाडोहच्या पुढे जंगलात सर्वेक्षणाला गेला, तो परतलाच नाही. देह सापडला नाही. देहाच्या जागी पळसाच्या पानांचा पुतळा करून शेवटचं कार्य उरकावं, असं धाकटा दीर किशोर कधीचा म्हणत होता. सासूबाई, सत्यवतीबाई, सुनेकडे बोट दाखवत. "ते म्हनंल तवा." आणि ती म्हणत नव्हती.

चाचणीचा संदेश मोबाइलवर आला. 'नमस्कार पौर्णिमा ललित इंगळे.'

शेजारची आचल हसली. "ताई, रिप्लेस केलं, पन ठेवलं कुठी? अक्षरायची स्ट्रिंग कदी बदलते का? नवी बनते, जुनी जशीच्या तशी. तुमीच तं शिकवलं मले!"

नव्या मुलांना ज्या चुकीबद्दल ती रागवायची, तीच तिच्या हातून झाली होती. तिने नवी ओळ जुनीच्या जागी ठेवली. 'ललित' गेलं, पण मधली फट उरली. ट्रिम लावून पाहिलं; ते टोकांची मोकळी जागा कापतं, मधलीला हात लावत नाही. मग तिने ओळीचे तुकडे केले, मधला रिकामा तुकडा टाकून दिला, उरलेले जोडले. 'नमस्कार पौर्णिमा इंगळे.' कुठेही फट नाही.

तेवढ्यात घरून फोन आला.

"पौर्णिमा, तुह्या हापिसातून मेसेज आला."

सासूबाईंचा नंबर प्रोग्रामला कधी दिलेलाच नव्हता.

"काय लिवलं हाय, आई?"

"निस्तं ललित. मांगं नाई, पुढं नाई. कावून एकटाच पाठवला व त्याले?"

पौर्णिमाने प्रोग्राम वरपासून खालपर्यंत वाचला. टाकलेला तुकडा कुठे पाठवणारी एकही ओळ त्यात नव्हती. फोनमध्ये सासूबाईंचा श्वास ऐकू येत होता, आणि त्यामागे आणखी कोणाचा तरी, जंगल चढून आल्यासारखा.

"आई," ती म्हणाली, "किशोरभाऊजीले सांगा. आपन त्यायचं कार्य करून टाकू."