बाकावरचे साक्षीदार

थोरल्याने पेनाचं टोपण काढून पेन आईच्या बोटांत खोचलं आणि टाइप केलेला कागद तिच्यापुढे सरकवला. वकीलबाईंचं टेबल डुगडुगलं.

"इथे सही कर, की सुटलो. घर आम्हा दोघांना. ताई सहा महिने माझ्याकडे, सहा महिने याच्याकडे."

धाकटा मान खाली घालून बसला होता. दादाने हो म्हटलं की याने हो म्हणायचं, ही लहानपणापासूनची रीत.

"तुम्ही दोघं बाहेर बसा," वकीलबाई म्हणाल्या. "मृत्युपत्र करणाऱ्याशी मी एकटीनेच बोलते."

"अहो, तिला ऐकू कमी येतं."

"येतं तेवढं पुरे आहे," म्हातारी म्हणाली. "जा बाहेर."

दार लागलं. म्हातारीने तो कागद उचलला, चार घड्या घातल्या आणि वाकून टेबलाच्या आखूड पायाखाली सारला. मग टेबल हलवून पाहिलं. आता बरं होतं.

"हं, लिहा. जन्मभर शाळेचे गणवेश शिवून ते घर मी उभं केलं. ह्यांचा बाप नऊ वर्षं अंथरुणाला खिळला, तेव्हा हे दोघे पाहुण्यासारखे यायचे आणि चहा पिऊन जायचे. माझ्या लेकीने त्याचं सगळं केलं, तोंडातून ब्र न काढता. आणि आता तिने बोचकं उचलून दारोदार हिंडायचं? मी जिवंत असताना हे ठरवतात, मेल्यावर काय करतील! घर तिचं. शिलाई मशीनसकट."

"मुलांना काहीच नाही?"

"शिकवलं, नोकरीला लावलं, दोघांना घरं घेऊन दिली. त्यांचं मिळून झालंय."

वकीलबाईंनी मजकूर टाइप करून वाचून दाखवला. "आता दोन साक्षीदार. ज्याला यात काही मिळतंय तो चालत नाही. खालच्या औषधवाल्याला बोलावते."

"परका कशाला? बाकावर दोघं रिकामटेकडे बसलेत की."

"आजी, त्यांना कळेल."

"कळू दे! उद्या दारात उभे राहून म्हणतील, म्हातारीचं डोकं ठिकाणावर नव्हतं. तेव्हा त्यांच्याच सह्या त्यांच्या तोंडावर मारता येतील."

वकीलबाईंनी हसू दाबत दार उघडलं. बाकाच्या वर भिंतीवर पाटी होती: 'मृत्युपत्रात ज्याला काही मिळणार आहे, त्याने साक्षीदार म्हणून सही करू नये.' थोरला पाटीकडे पाठ करून फोनवर बोलत होता. धाकटा पाटीसमोर उभा होता.

दोघे आत आले आणि त्यांच्यासमोर म्हातारीने सही केली.

"आता साक्षीदार म्हणून तुम्ही," वकीलबाई म्हणाल्या. "आधी वाचायचं असेल तर वाचा."

"वाचायचं काय त्यात? मजकूर आमचाच आहे." थोरल्याने उभ्याउभ्याच सही ठोकली आणि पेन भावाच्या हातात दिलं.

धाकट्याने पेन धरलं, पण कागदाला टेकवलं नाही. तो आईकडे बघत राहिला.

"आई, ती बाहेरची पाटी मी वाचली."

म्हातारीने नजर वळवली नाही.

"मग?" ती म्हणाली.

"कसली पाटी?" थोरला घड्याळात बघत खेकसला. "कर ना सही! तुला प्रत्येक गोष्ट दहादा सांगावी लागते."

धाकट्याच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. आईने ते ओळखलं. लहानपणी ताईच्या पाठीमागे लपायचा, तेव्हा असाच हसायचा.

"दादा म्हणतोय, तर करतो बाबा," तो म्हणाला.

खुर्ची ओढून तो नीट बसला, दोन्ही कोपरं टेबलावर टेकवली आणि सावकाश, एकेक अक्षर काढत, पूर्ण नावाची सही केली. टेबल अजिबात हललं नाही.