चिमाचा केसपेपर

"आधी ती दोरी सोडा," महिपत म्हणाला.

मनोरुग्णालयाच्या फाटकाशी जीप उभी होती. मागच्या सीटवर पंचविशीचा एक धिप्पाड गडी हात बांधून बसवलेला होता. मंडणगडाकडच्या कुठल्याशा वाडीतून त्याचे दोघे भाऊ त्याला घेऊन पहाटेच निघाले होते.

"सोडली तर मारील तुमाला," थोरला भाऊ म्हणाला.

"मारूदे. माझा मी बघतो."

दोरी सुटली. महिपत जीपमध्ये चढून त्या गड्याशेजारी बसला. त्याच्या मनगटावरचे वळ त्याने नीट बघितले. "लांबून आलास," तो म्हणाला. "तहान लागली असेल. पाणी पितोस?"

गड्याने मान हलवली. दहा मिनिटांनी तो महिपतच्या खांद्याला धरून वॉर्डाकडे चालू लागला. भाऊ मान खाली घालून मागोमाग येत होते. महिपत वळून त्यांना म्हणाला, "लाज कशाची वाटते? कावीळ झाली असती तर असं तोंड लपवून आणला असतात काय? माणूस आजारी आहे. आणलात ते बरं केलात."

हे वाक्य त्याने एकतीस वर्षांत शेकडो नातेवाइकांना ऐकवलं होतं. महिपत धनावडे हा पुरुषांच्या वॉर्डातला अटेंडंट. शिक्षण आठवी. पण नवा डॉक्टर आला की त्याला वरिष्ठ सांगत, अडलं तर महिपतभाऊंना हाक मारा. कुणाला बोलून शांत करायचं, कुणाजवळ नुसतं बसायचं आणि कुणापासून चार हात लांब राहायचं, हे त्याला बरोबर कळे. आपल्याला कळतं हे त्याला माहीत होतं, आणि त्याबद्दल तो उगाच विनय दाखवत नसे.

त्या दिवशी संध्याकाळी तो हातखंब्याजवळच्या आपल्या वाडीत परतला. चिमा सकाळी ज्या कुशीवर होती त्याच कुशीवर पडलेली होती. उशाशी झाकून ठेवलेली पेज तशीच होती. वर साय धरली होती.

"जेवली नाहीस गो?"

"भूक नव्हती."

"गोळ्या घेतल्यास?"

"घेतल्या."

चिमा त्याची बायको. गेल्या गणपतीपर्यंत ही बाई दर शनिवारी रत्नागिरीच्या बाजारात कुळथाचं पीठ, आमसुलं आणि आंबोशी घेऊन बसायची. तिच्या आवाजाला समोरचा मासळीवाला दबकून असे. नवरात्रात एका शनिवारी ती म्हणाली, आज नको वाटतं. पुढच्या शनिवारीही तेच म्हणाली. कारण काहीच नव्हतं. घरात कुणी गेलं नव्हतं, कुणाशी भांडण नव्हतं. मुलगा गुरुप्रसाद मुंबईत कुरिअर कंपनीत चांगला लागला होता आणि त्याचं लग्न पाटपन्हाळ्याच्या मुलीशी ठरत आलं होतं. तरी चिमाची झोप पहाटे तीनला मोडायची, आणि मग ती उजाडेपर्यंत आढ्याकडे बघत पडून राहायची.

महिपतला पहिल्या पंधरवड्यातच सगळं कळलं होतं. वॉर्डात एखादा नातेवाईक असं सांगता तर त्याने अर्धं ऐकूनच ओपीडीचा दरवाजा दाखवला असता. स्वतःच्या घरात मात्र त्याने दिवाळीपर्यंत तोंड उघडलं नाही. चिमा एकतीस वर्षं लोकांना सांगत आली होती की आमचे हे सिव्हिलला आहेत. तिने एकदाही खरं सांगितलं नव्हतं, आणि महिपतनेही ते कधी दुरुस्त केलं नव्हतं. आता तिलाच तिथे घेऊन जायचं?

दिवाळीला गुरुप्रसाद आला तो तीन बाटल्या घेऊन. त्याच्या जिममधल्या ट्रेनरने सुचवलेल्या.

"अमिनो ॲसिड आहे, बाबा," तो म्हणाला. "म्हणजे प्रोटीनचाच भाग. ह्यापासूनच मेंदूत मूड चांगला करणारं केमिकल बनतं. आईला ते कमी पडत असेल. हे औषध नाही, साइड इफेक्ट नाही. मी सगळं वाचलंय."

"औषध नाय ना?" महिपतने पुन्हा विचारलं.

"नाही ओ. फूड सप्लिमेंट. बघा, लिवलंय वर."

महिपतला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण वॉर्डातली प्रत्येक गोळी तो रंगावरून ओळखी, आणि ह्यातली एकही त्या कपाटातली नव्हती. त्याला एकदम हलकं वाटलं. हे अन्न होतं. अन्न कमी पडलं म्हणजे काही वेड नव्हे. शेजाऱ्यांना सांगता येण्यासारखं होतं. "हिच्यात प्रोटीन कमी झालंय," तो सांगू लागला, आणि लोक म्हणू लागले, अंडी द्या, सुक्या कोळंबीचे सोडे द्या.

पहिले आठ-दहा दिवस चिमा उठून अंगणात बसली. मुलगा घरी होता म्हणून असेल. तो गेला आणि ती पुन्हा आत गेली. गुरुप्रसाद फोनवर म्हणाला, डोस वाढवा. महिपतने एकाच्या दोन केल्या. महिन्याला नव्या बाटल्या येत राहिल्या. गोळ्या हातावर ठेवल्या की चिमा निमूट गिळायची. ती आता कशालाच नाही म्हणत नव्हती, आणि महिपतला सगळ्यात जास्त त्याचीच भीती वाटत होती.

शिमग्याला ग्रामदेवीची पालखी दारात आली. ढोल वाजत होते, पालखीबरोबर नाचणाऱ्या खेळ्यांनी अंगण भरलं होतं. ओटी भरायला घरची बाई बाहेर आली नाही. महिपतने शेजारच्या दर्शनाला बोलावून ओटी भरून घेतली.  पालखी पुढे गेली तेव्हा दोन म्हाताऱ्या मागे वळून त्याच्या दाराकडे बघत होत्या.

त्यानंतरच्या मंगळवारी सकाळी साडेसातला तो ड्युटीला निघण्यासाठी खाकी सदऱ्याची बटणं लावत होता. दर्शना पडवीत आली. तिच्या हातात पितळी परात होती.

"काका, काल काकूनं मला ही दिलान," ती म्हणाली. "मी नको म्हटलं, पण ऐकलान नाय. आमच्या सासूबाईंना हिरवा लुगडा दिलान. म्हणली, आता मला काय करायचा? तुमाला ठाव हाय ना?"

महिपतचे हात बटणावरच थांबले.

"आणि काय दिलान?"

"वरच्या घरातल्या पोरीला बांगड्या दिलान म्हणतात."

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी बायकांच्या वॉर्डात एका पेशंटने आपली फणी, साबण आणि काचेच्या दोन बांगड्या वाटून टाकल्या होत्या. तेव्हाच्या मोठ्या सिस्टरने सगळ्यांना उभं करून सांगितलं होतं, माणूस वाटप करायला लागलं की त्याच्यावरून नजर काढायची नाही. महिपत ते कधी विसरला नव्हता.

"परात राहूदे तुझ्याकडं," तो दर्शनाला म्हणाला. "आणि आमच्या दारात जरा बसून राहा. कुठं जाऊ नको."

तो आत गेला. घाबरला नाही. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्याला काय करायचं ते स्पष्ट दिसत होतं. तो चिमाच्या उशाशी जमिनीवर बसला आणि वॉर्डात विचारतात तसं, आवाज न चढवता, सरळ विचारलं.

"चिमा, मरावासा वाटता काय?"

 अंगणात दर्शना कोंबड्या हाकलत होती.

"वाटता," चिमा म्हणाली. मग तिचे डोळे भरून आले. "तुमी कसा वळखलात?"

"माझा काम हाय ता. उठ. जाऊया."

"कुठं?"

"माझ्याकडं."

तिला समजलं. ती उठून बसली. "लोक काय म्हणतील वो? गुरूचा लगीन हाय."

"लोक बघून घेतील. गुरूपण बघून घेईल. तू लुगडा बदल."

त्याने खाकी सदरा काढून खुंटीला अडकवला आणि पांढरा घातला. आज तो तिथे कामाला जाणार नव्हता. बाटल्या पिशवीत टाकल्या. नाक्यावर रिक्षा थांबायला सांगितली आणि तिथपर्यंत वाडीच्या मधल्या वाटेने, सगळ्यांच्या दारांवरून, तिचा हात धरून तो चालत गेला.

केसपेपरच्या खिडकीशी वीसेक माणसं होती. खिडकीतला भिकाजी त्याचा वीस वर्षांचा सोबती. त्याने महिपतला बघितलं, मग बाजूला पदराने तोंड झाकून उभी असलेली बाई बघितली, आणि हळूच म्हणाला, "भाऊ, तुमी रांगेत कशाला? थेट आत जावा. पेपर मागनं करतो."

"नको. पेपर आधी कर," महिपत म्हणाला. आवाज मुद्दाम हळू केला नाही. "लिव. चिमा महिपत धनावडे. वय चोपन्न."

"बरोबर कोण?"

"नवरा. मीच."

मागची माणसं ऐकत होती. भिकाजीने लिहिलं आणि कागद दोन्ही हातांनी पुढे केला.

खुर्शीद सिस्टर बायकांच्या वॉर्डाच्या इनचार्ज. त्यांनी चिमाला बघताच बसायला खुर्ची ओढली. "वहिनी, तुमच्या आंबोशीचं लोणचं पंधरा वर्षं खाते मी," त्या म्हणाल्या. "तुम्हाला बघितलं मात्र आज." मग महिपतला त्यांनी दाराबाहेर घेतलं. "कधीपासून?"

"नवरात्रापासून."

"भाऊ, पाच महिने? तुम्ही?"

महिपतने बाटल्यांची पिशवी त्यांच्यापुढे केली. 

डॉक्टर वेदिका तरुण होत्या. त्यांनी चिमाशी एकटीशी अर्धा तास बोलून घेतलं, नाडी बघितली, हात पुढे करायला लावून ते कापतात का ते बघितलं. मग बाटल्या एकेक करून वाचल्या.

"ह्या दोन नुसत्या प्रोटीनच्या," त्या म्हणाल्या. "डाळ, अंडी, मासे खाऊनही मिळतं हे. ही तिसरी मात्र बंद. आज रात्रीचीसुद्धा द्यायची नाही. आपण जी गोळी सुरू करणार आहोत तीही मेंदूत हेच केमिकल वाढवते; दोन्ही एकदम पोटात गेल्या तर अंगाला कंप सुटेल, ताप चढेल, जिवावरसुद्धा बेतू शकतं. आधी ही शरीरातून जाऊ दे, मग गोळी."

"ह्यानंच वाढलं काय, मॅडम?"

"नाही. ह्याने वाढलं नाही." त्यांनी बाटलीचं झाकण लावलं. "वेळ गेला फक्त."

वेळ गेला, हे ऐकून महिपतने मान हलवली. शिक्षा सुनावल्यावर माणूस हलवतो तशी.

चिमा अठरा दिवस वॉर्डात होती. महिपतची ड्युटी पटांगणापलीकडे. तो जेवणाच्या सुट्टीत तिच्याकडे जायचा, नातेवाइकांच्या वेळेत, नातेवाइकांच्या वहीत सही करून. चौथ्या दिवशी गुरुप्रसादचा फोन आला. पाटपन्हाळ्याच्या लोकांना कळलं होतं आणि त्यांनी नकार कळवला होता.

"बाबा, प्रायव्हेटला कुठंतरी न्यायची होतीत," तो म्हणाला. "चिपळूणला, कोल्हापूरला. तिथंच कशाला?"

"गुरू, आवस मरायला निघाली होती तुझी."

महिपतने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तिला मी ज्यांच्या हातात दिलाय ती माणसं मला ठाव हायत," महिपत म्हणाला. "तू बाटल्या पाठवल्यास त्या मायेनं पाठवल्यास. मी दिल्या त्या भीतीनं दिल्या. चूक माझी. आता रविवारी ये आणि आवशीला भेट."

तो आला. आईजवळ बसला आणि मोसंबी सोलत राहिला. तिने दोन फोडी खाल्ल्या.

चिमा पूर्वीची झाली नाही. झोप आली, भूक आली, ती पुन्हा भाकऱ्या थापू लागली, पण बाजारात काही बसली नाही. तिच्या जागेवर आता पावस गावची एक बाई बसते. काही दिवस चांगले जातात, काही दिवस ती दुपारी उगाच गप्प होते. गोळी मात्र स्वतःच्या हाताने घेते, आणि महिन्याच्या तपासणीला आता एकटीच एसटीने येते. महिपतला तिने बजावून ठेवलं आहे की तुमी तुमच्या कामाला असा, मला काय वाट ठाव नाय काय.

आषाढातल्या एका सकाळी महिपत वरच्या मजल्यावरच्या खिडकीशी चादरी मोजत होता. खाली ओपीडीच्या ओसरीत ती दिसली. छत्री मिटून पायाशी ठेवलेली, केसपेपर मांडीवर उघडाच, पदर डोक्यावरून घसरून खांद्यावर आलेला. बाकड्यावर गर्दी होती. एक अनोळखी बाई कोपऱ्यात भिंतीला टेकून, तोंड झाकून उभी होती.

चिमाने तिच्याकडे बघितलं. मग केसपेपर उचलून हातात घेतला आणि बाकड्यावर थोडी सरकून बसली.