पहिल्या जागेचा वेग

पट्टा थांबला की खोली चालायला लागायची. एकोणीस वर्षं झाली तरी पिलसुनला याची गंमत वाटायची. सकाळभर कोंबडीच्या तंगड्या डावीकडून उजवीकडे वाहत असायच्या आणि जेवणाची घंटा होऊन पट्टा थांबला की समोरची पांढरी भिंत, भिंतीवरचं घड्याळ, घड्याळाखाली उभी असलेली दकजा, सगळं हळूहळू उजवीकडून डावीकडे सरकू लागे. तेवढं अर्धं मिनिट पिलसुन सुरी हातात धरून नुसती बघत राही. आपण नावेत बसलोय आणि कुणीतरी आपल्याला माघारी नेतंय असं तिला वाटे. मग खोली जागेवर येई आणि ती बूट धुवायला जाई.

कारखाना किमजेच्या सपाट मुलखातला. बाहेर नुकतीच भातलावणी झाली होती, खाचरांत पाणी आणि पाण्यात आभाळ. सकाळच्या बसमधून बघितलं तर रस्ता तेवढा जमिनीवरचा, बाकी सगळं वरचंच. आत मात्र बारा महिने हिवाळा. पट्ट्याच्या एका बाजूला दहा बायका उजव्या तंगड्यांतलं हाड काढायच्या, दुसऱ्या बाजूला दहाजणी डाव्या तंगड्यांतलं. उजव्यांची पहिली जागा पिलसुनची, तिच्या बरोबर समोर डाव्यांची पहिली दकजाची. सोळा वर्षं दोघी एकमेकींचे डोळेच बघत आल्या होत्या. जेवताना तोंडपट्टी उतरली की दोघींना घटकाभर परकंच वाटायचं.

पहिली जागा म्हणजे काही साधीसुधी गोष्ट नव्हे. मा नावाचा मुकादम पट्ट्याचा वेग पिलसुनच्या हाताकडे बघून ठरवायचा. तिच्यापुढे तंगड्या साचल्या की पट्टा जरा मंद, तिचा हात रिकामा दिसला की बटण एक घर पुढे. असं कुठल्या कागदावर लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं. आणि पिलसुन हात रिकामा ठेवायचीच. सत्तावन्न वर्षांच्या बाईला मिरवायला दुसरं होतं तरी काय.

तिच्या उजव्या हाताची अनामिका मात्र रोज सकाळी वाकून अडकलेली असे. तांदळाच्या कोमट धुवणात ती बोट बुडवून ठेवी आणि डाव्या हाताने ते उघडी. टक्‌ असा आवाज होई. "काय वाजलं?" नवरा आतून विचारी. "भाताच्या कुकरचं झाकण," ती सांगे. सात वर्षं त्या घरात कुकरचं झाकण वाजत होतं.

मेच्या शेवटी ऑफिसातून कु नावाची मुलगी आली. सुरक्षेचं काम तिच्याकडे होतं. विश्रांतीच्या खोलीत तिने वीसजणींना वीस कागद वाटले. कागदावर एका माणसाची नुसती बाह्याकृती होती, डोळे ना नाक.

"कामाची फेरपालट करायची आहे," कु म्हणाली. "एकच काम दिवसभर कुणी करायचं नाही. पण कोणी कुठून कुठे जायचं हे मी ठरवणार नाही, तुम्ही ठरवायचं. त्यासाठी आधी जिथं दुखतं तिथं लाल टिकली लावा."

खोलीत औषधी पट्ट्यांचा वास असा भरलेला की डोळ्यांत पाणी यावं. कुणाच्या खांद्याला, कुणाच्या मनगटाला, कुणाच्या कमरेला पट्टी. तरी एकही हात टिकल्यांकडे गेला नाही. जिथं सगळ्यांत मोठीने चमचा उचलल्याशिवाय कुणी भाताला हात लावत नाही, तिथं तिच्याआधी टिकलीला कोण हात लावणार? सगळ्याजणी खाली मान घालून पिलसुनची वाट बघत राहिल्या.

पिलसुनने टेबलाखाली अनामिका दुसऱ्या हातात धरली. गेल्या वर्षी एकीने मनगट दुखतं म्हणून सांगितलं, तिला बरी होईपर्यंत म्हणून खोकी घडी करायला पाठवलं. ती अजून खोकीच घडी करत होती.

"मला काही नाही बाई," पिलसुन म्हणाली. "झोप झाली की मी ठणठणीत."

"मलापण काही नाही," दकजा लगेच म्हणाली.

मग भराभर वीस कोरे कागद गोळा झाले. कुने हवा हुंगली, सगळ्यांच्या तोंडांकडे बघितलं आणि कागद नीट लावून फायलीत ठेवले.

कोऱ्या कागदांवरून जी योजना निघायची तीच निघाली. दर दोन तासांनी प्रत्येकीने एक जागा पुढे सरकायचं. जागा बदलली, हाड काढणं तेच, अंगठा तोच, मनगट तेच. आग सोमेश्वरी अन्‌ बंब रामेश्वरी. त्यातही पिलसुनने सरकायचं नव्हतं. "पहिली जागा हलली तर वेग कोण सांभाळणार?" मुकादम म्हणाला आणि तिला ते गोड लागलं. तीन आठवडे करून बघायचं, मग पुन्हा एकदा टिकल्या, आणि मग जे असेल त्यावर शिक्का. पुढची तीन वर्षं तेच.

त्या दिवसांत पिलसुनला कामावर झोपेत असल्यासारखं वाटे. समोर दर दोन तासांनी नवे डोळे यायचे. दकजाचे डोळे पट्ट्यावरून कुठे कुठे वाहत गेले, कळायचंही नाही. गार धुक्यात पांढऱ्या बाया सरकत होत्या, ती तेवढी खुंटीसारखी उभी होती.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी तिला डुलकी लागेना. जेवणानंतर सगळ्याजणी विश्रांतीच्या खोलीत खालून तापवलेल्या कोमट जमिनीवर ओळीने आडव्या व्हायच्या. दाराबाहेर वीस जोड बूट, आत वीस बायका, खिडकीतून खाचरांतल्या पाण्याचा उजेड छतावर हलत होता. पिलसुनचं बोट ठणकत होतं म्हणून ती भिंतीला टेकून बसली होती, आणि तिला त्यांचे हात दिसले.

झोपेत सगळ्यांचे हात काम करत होते. उजव्या मुठीत नसलेली सुरी धरलेली, डाव्या हातात नसलेली तंगडी. कुणाची मूठ पोटावर, कुणाची गालाखाली, कुणाची शेजारणीच्या कुशीत. एक, दोन, वळव. एक, दोन, वळव. एकजण घोरत होती, एकजण झोपेतच हसली, पण हात कुणाचा चुकत नव्हता. पिलसुन किती तरी वेळ बघत राहिली. तिला ते छान वाटलं, शेत वाऱ्याने एकदम लवतं तसं. मग तिने खाली बघितलं. तिच्या मांडीवर तिचा स्वतःचा हात हलत होता आणि ठेका तोच होता.

एक, दोन, वळव. हा ठेका तिचा होता. पहिल्या वर्षी तिनेच तो बसवला होता, कुणी शिकवला नव्हता.

दकजा तिच्या पायाशीच झोपली होती. तिचा अंगठा मुळापाशी सुजून लाल झाला होता आणि दर वळवण्याला तिच्या कपाळावर आठी पडत होती. आठी पडे, जाई, पुन्हा पडे. झोपेतसुद्धा ती पिलसुनच्या मागे धावत होती. पिलसुनला आधी भीती वाटली आणि मग इतकी लाज वाटली की तिने तोंड फिरवलं.

बाहेर येऊन तिने मुकादमाला गाठलं.

"माझा हात हळू पडला तर पट्टा हळू कराल?"

"तुमचा हात, मावशी?" तो हसला. "तुमचा हात हळू पडेल त्या दिवशी मी लग्न करेन."

"सरळ सांगा हो."

"करीन की. पट्ट्याला काय कळतंय? तो तुमच्या मागेच चालतो."

त्या दुपारी पिलसुनने हात हळू चालवून बघितला. जमेना. मनाने थांब म्हटलं तरी हात पुढची तंगडी उचलून मोकळा होई. मुकादमाने तिचा रिकामा हात बघितला आणि सवयीने बटण एक घर पुढे केलं. एकोणीस वर्षं पोसलेला हात आता तिचं ऐकत नव्हता. तो त्या जागी असेतोवर असाच पळणार, आणि मागे बाकीच्या एकोणीसजणींचे अंगठे पळवणार. हात सुटायचा तर जागा सुटायला हवी होती. जागा सोडल्यावर आपण कोण उरणार, हे मात्र तिला कळेना. घरी जाताना ती बसमध्ये एका खाचराकडून दुसऱ्याकडे जाणारं आभाळ बघत राहिली.

शुक्रवारी कुने पुन्हा कागद वाटले. पुन्हा सगळ्या माना खाली गेल्या. पिलसुनने टिकल्यांचं पान ओढून घेतलं. पहिली टिकली तिने कागदावरच्या माणसाच्या अनामिकेवर लावली. मग मनगटावर, मग कोपरावर, मग खांद्यावर. मग उजवा हात सगळ्यांना दिसेल असा तिने टेबलावर ठेवला आणि बोट मिटलं. ते अडकलं. डाव्या हाताने तिने ते उघडलं, आणि टक्‌ असा आवाज सगळ्या खोलीने ऐकला.

"कधीपासून, ताई?" कुने विचारलं.

"सात वर्षं झाली."

मग दकजाने मान वर केली.

"सात?" ती हळूच म्हणाली. "सहा वर्षं मी अंगठा उशीखाली दाबून झोपते. मला वाटायचं, ताई माझ्यापेक्षा मोठी, तिला काही होत नाही, म्हणजे खोट माझ्यातच. आणि तुला सात वर्षं?"

"हो."

"आणि तू पळवत राहिलीस."

"हो," पिलसुन म्हणाली.

दकजाने पान हिसकावून घेतलं आणि आपल्या कागदावरच्या अंगठ्यावर एकावर एक तीन टिकल्या लावल्या. मग बाकीच्यांचे हात पुढे आले. टिकल्या संपल्या तेव्हा कुणीतरी लिपस्टिक काढली आणि ती ओळीने फिरली. वीस माणसं लाल झाली. कुला रडू येत होतं की हसू, ते तिचं तिलाच माहीत.

योजना त्यांनी जमिनीवर बसून केली. कागद शेजारी शेजारी मांडले, आणि जिचा अंगठा लाल तिला सुरीनंतर वजनाच्या काट्यावर, जिचा खांदा लाल तिला कोंबड्या आकड्याला टांगण्याच्या कामानंतर पिशव्या बंद करायला, असं जुळवत गेल्या. उजव्या बाजूची डाव्या बाजूला, डावीची उजवीला. दोन तास भांडणं झाली, एकदा काकडीची रोपं कुणाची चांगली यावरही झालं. शेवटी पिलसुन म्हणाली, "पहिली जागापण फिरवा."

"मग वेग कुणाचा?" मुकादमाने दारातून विचारलं.

"जी उभी असेल तिचा."

सोमवारपर्यंत दकजा तिच्याशी एक शब्द बोलली नाही. बसमध्येही ती पुढच्या बाकावर बसली.

सोमवारी डॉक्टरने पट्टी बांधलेलं बोट घेऊन पिलसुन आली. सकाळ तिने काट्यावर काढली. मग तिच्या वाटणीचा सुरीचा एक तास आला आणि ती डाव्या बाजूच्या पहिल्या जागेवर उभी राहिली. समोर तिच्या जागेवर दकजा होती.

डावी तंगडी तिने एकोणीस वर्षांत हातात धरली नव्हती. सगळं उलटं. आरशात बघून दुसरीची वेणी घालावी तसं. सुरी हाडाला अडली, मांस हाडावरच राहिलं. पुढची तंगडी आली, तिच्यामागून आणखी एक. तिच्यापुढे ढीग साचू लागला. शेजारची सगळ्यांत नवी मुलगी न बोलता तिचं मनगट धरून सुरीचा कोन बदलून गेली. पिलसुनचे कान तापले. आता मुकादम येणार, आता सगळ्यांना दिसणार, की पहिली जागा गेली आणि सोबत बाईही गेली.

मुकादम आला खरा. त्याने सवयीने दकजाच्या हाताकडे बघितलं. दकजापुढे तंगड्या साचल्या होत्या. सोळा वर्षांची मुरलेली बाई, उजवी तंगडी तिलाही नवी, पण तिला घाई नव्हती; तिने एक तंगडी उचलली, सुरी पुसली, जरा थांबली, मग कापली. मुकादमाने बटण एक घर मागे केलं. थोड्या वेळाने आणखी एक घर.

पट्टा मंद झाला. पिलसुनने मान वर केली तेव्हा तोंडपट्टीवरचे ते डोळे तिच्याकडेच बघत होते. राग त्यांतून गेला नव्हता.

"सावकाश कर, ताई," दकजा म्हणाली. "आता वेग माझा आहे."