कांडी कोण फिरवतं?

सुरक्षा साहित्याच्या सरकारी प्रदर्शनात सगळ्यात मोठी गर्दी एका कांडीपुढे होती. पिस्तुलासारखी मूठ, वर आडवी बसवलेली अँटेना. टेबलावर पाच बंद डबे, त्यातल्या एकात स्फोटकाची सीलबंद पुडी. कोटवाला विक्रेता डब्यांसमोरून चालत गेला आणि नेमक्या डब्यापाशी अँटेना सर्रकन वळली. टाळ्या पडल्या. वर्दीतल्या साहेबांनी हात जोडायचेच काय ते बाकी ठेवले होते.

"बॅटरी नाही, वायर नाही. अंगातल्या विजेवर चालते," विक्रेता सांगत होता. "फक्त मनात शंका नको. शंका आली की लहरी तुटतात."

हीच भाषा मी बुवांच्या तोंडी ऐकली होती. इथे बुवाने टाय बांधला होता, एवढंच.

मी शाळेत विज्ञान शिकवते. धाकट्या बहिणीबरोबर आले होते. ती रेल्वे स्टेशनच्या दारावर सामान तपासते. वर्दीतले साहेब तिचेच; ते या कांड्या घेऊन श्वानपथक बंद करणार होते. म्हणजे बॉम्ब आणि माझी बहीण यांच्यामध्ये ही एवढीशी काडी. माझं डोकंच फिरलं.

"जरा पाठ फिरवा," मी विक्रेत्याला म्हटलं. "पुडी आम्ही ठेवतो."

"ताई, गप्प बस ना. साहेब बघतायत," बहीण कुजबुजली.

"बघू देत. त्यांच्यासाठीच चाललंय."

साहेबांनी हसत मान डोलावली. विक्रेता नाइलाजाने पाठमोरा झाला. मी पुडी काढून साहेबांच्याच खिशात ठेवायला दिली. मग विक्रेत्याच्या हातात कांडी निघाली, साहेबांच्या पोटासमोरून ढिम्म न हलता गेली आणि एका रिकाम्या डब्यावर ऐटीत वळली.

"या बाईंच्या शंकेमुळे..." विक्रेता घाम पुसत म्हणाला.

"स्टेशनात रोज हजारो शंकेखोर येतात. त्यांना कुठे उभं करायचं?"

साहेबांनी कांडीची मूठ उघडायला लावली. आत नुसती पोकळी.

"अँटेना सैल आहे," मी म्हटलं. "मनगट जरा कललं की वळते. डबा माहीत असला की मनगट आपोआप कलतं, धरणाऱ्यालाही कळत नाही."

"पण मोठमोठ्या खात्यांनी घेतलीये ही," साहेब पुटपुटले.

"मग तीही फसली. जे काही विकत घ्याल ते आधी असंच तपासा. विकणाऱ्याला उत्तर माहीत नसताना."

 तेवढ्यात मघाशी मला दटावणारी बहीण पुढे झाली.

"साहेब, शंका घेणं हेच माझं काम आहे. ही कांडी घेऊन मी दारावर उभी राहणार नाही. मला कुत्रा द्या."